पंचगंगेच्या पुरासाठी खात्यांच्या याद्या : एका जिल्हा बातमीदाराचे प्रकरण

कोल्हापुरातील एका मराठी दैनिकात जिल्ह्याचे वार्तांकन करणाऱ्या एका अनुभवी बातमीदार बाईंनी २०२४ च्या पावसाळ्यापूर्वी आपल्या एक्स खात्याची, म्हणजे पूर्वीच्या ट्विटरची, मांडणी मुळापासून बदलली. एक्सवर यादी म्हणजे निवडक खात्यांच्याच पोस्ट दाखवणारे वेगळे पान. आपण फॉलो करत असलेल्या खात्यांच्या याद्या कशा कराव्यात, हा प्रश्न वरवर पाहता आवरासावरीचा वाटतो. परंतु पुराच्या दिवसांत त्याच याद्यांवरून पहिल्या पानाचा मथळा ठरतो, आणि म्हणून या प्रकरणाची तपशीलवार नोंद करणे योग्य वाटले. या कामात मी सल्लागार म्हणून त्यांच्यासोबत होतो. बातमीदाराचे आणि दैनिकाचे नाव त्यांच्याच इच्छेवरून येथे दिलेले नाही.

पूर्वस्थिती

बाईंचे खाते जुने होते आणि त्या हजारांहून अधिक खाती फॉलो करत होत्या. त्यांत मंत्री, आमदार, साखर कारखान्यांचे अध्यक्ष, तालमीचे पैलवान, फुटबॉलचे संघ, हवामानाचे अभ्यासक, देशभरातले पत्रकार, शिवाय कधीतरी एखाद्या बातमीपुरती जोडलेली आणि पुढे विस्मरणात गेलेली कितीतरी खाती होती. अशी गर्दी कुणाच्याही खात्यात असते आणि एरवी तिचा फारसा त्रास होत नाही. त्रास सुरू होतो तो नदी पात्राबाहेर पडू लागली की.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांचे वार्तांकन त्यांनी केले होते. कोल्हापूर शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले, पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला आणि शहराचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. अशा वेळी बातमीचे आयुष्य तासाचे असते. दुपारी दोन वाजता खरी असलेली पाणीपातळी संध्याकाळी सहा वाजता चुकीची ठरते, आणि ती छापली तर वाचक सकाळी पाण्यात उभा राहून वर्तमानपत्र वाचतो.

एक्सचे मुख्य पान मात्र वेळेचा हा हिशेब ठेवत नाही. जानेवारी २०२३ पासून उघडल्याबरोबर दिसणारे ‘तुमच्यासाठी’ हे पान ज्या पोस्टवर अधिक लोक थांबले तिला वर आणते, आणि ज्या पोस्टवर लोक थांबतात ती बहुधा शिळी, नाट्यमय आणि चित्रफीत असलेली असते. भारतीय हवामान विभागाच्या मुंबई प्रादेशिक केंद्राकडून येणारा ‘पुढील तीन तासांत’ असा इशारा पाच तासांनी वर येऊन बसला, तर तो निरुपयोगी असतोच, शिवाय घाईत पाहणाऱ्याला तो ताजाच वाटतो. फॉलो केलेल्यांचे कालानुक्रमे पान वेगळे आहे खरे. पण हजार खात्यांच्या ओघात जिल्हाधिकारी कार्यालयाची एक ओळ क्रिकेटच्या सामन्याखाली गाडली जाते.

याद्या त्यांच्याकडे होत्याच. ही सोय ट्विटरने २००९ मध्येच दिली आणि पुढे काही वर्षांत बाईंनीही ‘सरकारी’, ‘पत्रकार’, ‘नेते’, ‘हवामान’ आणि ‘इतर’ अशा पाच याद्या केल्या होत्या. बहुतेक लोक अशाच करतात, कारण खाते पाहिल्याबरोबर ते कोणाचे आहे हे कळते आणि त्या प्रकारच्या खोक्यात ते टाकून मोकळे होता येते. तरीही दोन्ही महापुरांत त्यांनी या याद्या जवळजवळ उघडल्याच नाहीत. त्याचे कारण शोधणे, हेच आमच्या कामाचे पहिले पाऊल होते.

जुन्या याद्या का चालल्या नाहीत

आम्ही ‘सरकारी’ ही यादी उघडून वाचायला बसलो. तिच्यात जिल्हाधिकारी, जिल्हा पोलीस, महानगरपालिका, राज्याचे माहिती व जनसंपर्क महासंचालनालय, केंद्राची अनेक मंत्रालये, आयकर विभाग आणि रेल्वे असे सगळे एकत्र नांदत होते. एखाद्या योजनेचा वर्धापनदिन असला की मंत्रालयांच्या पोस्टचा असा पाऊस पडे, की खरा पाऊस कुठे पडतो आहे ते दिसेनासे होई. ‘हवामान’ या यादीत दिल्लीच्या थंडीपासून बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळापर्यंत सारे होते. आणि ‘राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का?’ या एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी ‘सरकारी’, ‘नेते’ आणि ‘पत्रकार’ या तिन्ही याद्या आळीपाळीने पाहाव्या लागत होत्या.

दोष खात्यांचा नव्हता आणि संख्येचाही नव्हता. खाते कोणाचे आहे यावरून केलेली यादी लावायला सोपी असते, पण तिच्याकडे पाहून कोणताही निर्णय घेता येत नाही, कारण निर्णयाचे प्रश्न खात्यांच्या प्रकारांना आडवे छेदून जातात. या प्रकरणातून मला जे काही सांगायचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सगळे त्याचे तपशील आहेत.

म्हणून आम्ही खात्यांकडे पाहणे तात्पुरते बंद केले आणि कार्यालयातल्या बांधीव फायलींतून २०१९ व २०२१ च्या पुराचे अंक काढले. प्रत्येक दिवसाच्या अंकावरून, त्या दिवशी डेस्कने, म्हणजे कार्यालयात बातम्या तपासून पाने लावणाऱ्या विभागाने, बातमीदाराला कोणकोणते प्रश्न विचारले असतील, हे बाईंनी आठवून वहीत लिहिले. रात्रपाळीच्या उपसंपादकाचा ठरलेला प्रश्न होता : ‘मॅडम, बंधाऱ्याला किती?’ त्याखालोखाल राधानगरी, नंतर रस्ते. रस्त्यांचा प्रश्न फक्त संपादकीय विभागाचा नव्हता. अंकाच्या गाड्या पहाटे गगनबावडा आणि मलकापूरच्या दिशेने निघतात, त्यामुळे मांडुकलीला किंवा केर्लीला रस्त्यावर पाणी आले आहे का, हे वितरण विभागालाही मध्यरात्रीच्या आत हवे असे. ही बाब बाईंच्या जुन्या याद्यांत कुठेच नव्हती, आणि वही नसती तर नव्यांतही आली नसती.

पाण्याच्या वाटेने यादी

वहीतले प्रश्न वाचताना एक गोष्ट आपोआप समोर आली : ते सगळे पाण्याच्या प्रवासाच्या क्रमाने लावता येत होते. पाऊस घाटमाथ्यावर पडतो, धरणांत साठतो, तिथून सुटतो, प्रयाग चिखलीच्या संगमाखाली पंचगंगा म्हणून शहराजवळून जातो, नृसिंहवाडीला कृष्णेला मिळतो आणि पुढे कर्नाटकात आलमट्टीच्या जलाशयात पोहोचतो. त्या क्रमाने चार याद्या आणि रस्त्यांची एक, अशा पाच याद्या ठरल्या. एक्सच्या मोबाइल ॲपमध्ये मुख्य पानाच्या माथ्यावर पाचच याद्या पिन करता, म्हणजे कायम टाचून ठेवता, येतात, हा योगायोग कामाचा ठरला. एका खात्याला हजार याद्या करता येतात आणि एका यादीत पाच हजार खाती बसतात, पण पाण्यात उभे राहून एका हाताने फोन चालवणाऱ्या माणसाला या मोठ्या मर्यादांचा काही उपयोग नसतो.

पहिली यादी घाटमाथ्याची. तिच्यात हवामान विभागाचे देशाचे आणि मुंबईचे अशी दोन्ही खाती, तसेच गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, आजरा, चंदगड या पट्ट्यातून नियमाने पावसाची नोंद टाकणारे मोजके हौशी निरीक्षक आले. हवामान विभाग कोल्हापूर जिल्ह्यासाठी इशारा देताना घाट क्षेत्राचा उल्लेख स्वतंत्रपणे करतो, आणि पुराच्या दृष्टीने तोच उल्लेख महत्त्वाचा असतो. शहरात ऊन पडलेले असताना पंचगंगा चढते ती याच कारणाने. येथे बाईंनी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली. विभागाची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ अशी धरली जाते, त्यामुळे सकाळच्या पोस्टमधला ‘आजचा पाऊस’ हा प्रत्यक्षात बहुतांशी कालचा असतो. ६४.५ मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, ११५.६ पासून अतिमुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार ही वर्गवारीही त्यांनी टीपेत घेतली, कारण हौशी निरीक्षक हे शब्द मनाला येतील तसे वापरतात.

दुसरी यादी धरणांची. ती फारच लहान झाली आणि लहानच ठेवली. राधानगरी, तुळशी, कासारी, कुंभी यांचे पाणी पंचगंगेत येते. काळम्मावाडीचे पाणी दूधगंगेतून आणि चांदोलीचे वारणेतून थेट कृष्णेला मिळते. जिल्ह्याच्या बातमीत ही सारी धरणे एका चौकटीत छापली जातात, पण शहराच्या पातळीचा अंदाज बांधताना ती वेगळी धरावी लागतात. धरणांची अधिकृत आकडेवारी एक्सवर तुटकपणे येते; तिचा मोठा भाग अजूनही जिल्हा माहिती कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावरच पहिल्यांदा मिळतो. म्हणून या यादीकडून आम्ही अपेक्षाच कमी ठेवली : तिथे बातमी शोधायची नाही, व्हॉट्सॲपवर आलेली बातमी ताडून पाहायची.

शहर आणि बंधारा ही तिसरी यादी अर्थातच सर्वांत जास्त वापरली जाणारी होती. जिल्हाधिकारी कार्यालय, महानगरपालिका, पोलीस, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि शहरातले चार-पाच विश्वासू पत्रकार, एवढीच खाती तिच्यात घेतली. सुतारवाड्यातल्या कुटुंबांचे स्थलांतर सुरू झाले की शहराच्या दृष्टीने पूर आला, असे कोल्हापुरात मानतात, आणि ती पहिली बातमी बहुतेक वेळा एखाद्या पत्रकाराच्या छायाचित्रातून येते. पातळीच्या आकड्यांबाबत येथे एक अडचण कायमची आहे. बंधाऱ्याची नोंद फूट आणि इंचांत असते. ती कोणी घाईने ३९.५ अशी लिहिली, तर त्याचा अर्थ ३९ फूट ५ इंच की साडेएकोणचाळीस फूट, म्हणजे ३९ फूट ६ इंच, हे त्या पोस्टवरून कळत नाही. एका इंचाने काही बिघडत नाही. पण कुणी ४२.१० लिहिले आणि दुसऱ्याने ते ४२.१ असे पुढे पाठवले, की ४२ फूट १० इंचांचे ४२ फूट १ इंच होतात आणि धोका पातळी दोन इंचांवर असताना ती फूटभर लांब दिसू लागते. त्यामुळे जी खाती फूट-इंच स्पष्ट लिहितात तीच या यादीत ठेवली, आणि दशांश चिन्ह वापरणारी दोन बऱ्यापैकी प्रसिद्ध खाती बाहेर काढली.

चौथी यादी, कृष्णेपासून आलमट्टीपर्यंतची, ही या मांडणीतली खरी भर होती. केंद्रीय जल आयोगाचे पूरसूचना खाते आणि कर्नाटक राज्य नैसर्गिक आपत्ती देखरेख केंद्राचे खाते बाईंनी पूर्वी कधी फॉलोच केले नव्हते, कारण एरवी ती त्यांच्या कामाची नव्हती. खाते फॉलो न करताही ते यादीत घालता येते, ही गोष्ट अनेक वर्षे एक्स वापरणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. कुरुंदवाड आणि अर्जुनवाड येथे जल आयोगाची मोजणी केंद्रे आहेत, आणि नृसिंहवाडीजवळ कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, शिरोळ तालुक्यात पसरत राहते. आलमट्टीच्या जलाशयाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे, ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा कर्नाटकाचा प्रस्ताव आहे आणि कोल्हापूर-सांगलीत त्याला कडवा विरोध आहे. पुराच्या दिवसांत या वादाचे पडसाद आकड्यांवर उमटतात : एकच विसर्ग इकडे अपुरा म्हणून सांगितला जातो आणि तिकडे पुरेसा म्हणून. म्हणूनच या यादीत एकाही राजकीय खात्याला प्रवेश दिला नाही. आकडा मोजणाऱ्याकडून घ्यायचा आणि त्यावरची टीका नंतर वेगळी मिळवायची, असे ठरले.

रस्त्यांची पाचवी यादी महामार्ग प्राधिकरण, महामार्ग पोलीस, रेल्वे, एसटी आणि घाटरस्त्यांवरचे काही स्थानिक वार्ताहर यांची झाली. तिच्याविषयी पुढे लिहितो.

नावे, गोपनीयता आणि निळी खूण

यादी सार्वजनिक ठेवायची की खासगी, यावर आमचा बराच वेळ गेला. सार्वजनिक यादीत एखाद्याला घातले की त्याला तशी सूचना जाते आणि यादीचे नाव त्याला दिसते. खासगी यादीत घातल्याचे कुणालाच कळत नाही, पण ती यादी मालकाखेरीज दुसऱ्या कुणाला दिसतही नाही. येथे दोन गरजा एकमेकींच्या विरोधात उभ्या राहिल्या. रात्रपाळीच्या डेस्कलाही त्याच याद्या पाहायच्या होत्या, म्हणजे त्या सार्वजनिक हव्या होत्या. आणि काही हौशी निरीक्षक व गावोगावचे माहीतगार लोक कोणते, हे बाईंना प्रतिस्पर्धी दैनिकांना दाखवायचे नव्हते, म्हणजे त्या खासगी हव्या होत्या. अखेर अधिकृत खात्यांच्या याद्या सार्वजनिक ठेवून डेस्कमधल्या सहकाऱ्यांना त्या फॉलो करायला सांगितल्या, आणि माहीतगारांची एक लहानशी खासगी यादी बाईंनी स्वतःपुरती वेगळी ठेवली. ती पिन केली नाही, कारण पत्रकार परिषदेत शेजारी बसलेला माणूस पहिल्यांदा आपल्या फोनच्या पडद्याकडे पाहतो.

सार्वजनिक याद्यांची नावे मुद्दाम कोरडी ठेवली. यादीच्या नावाला पंचवीस अक्षरांची मर्यादा आहे आणि मराठीत काना, मात्रा व अनुस्वारही जागा घेतात, त्यामुळे लांब नाव बसतही नाही. ‘अफवा’ किंवा ‘सांभाळून’ असल्या नावाची सार्वजनिक यादी कधीही करू नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही तसल्या नावाच्या याद्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांत ज्यांना घातले गेले त्यांचे फोनही ऐकले आहेत.

जुनी हजार खाती काढून टाकावीत का, हा प्रश्न निघालाच. मी ती काढू नयेत या मताचा होतो आणि अजूनही आहे. याद्या नीट असल्या की मुख्य पानावरची गर्दी निरुपद्रवी होते, आणि जिल्ह्याच्या राजकारणात एखाद्या नेत्याला अनफॉलो केले की ते कुणाच्या तरी लक्षात येतेच. मग कार्यकर्त्याचा फोन येतो आणि त्याची समजूत काढण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात दोन बातम्या लिहून होतात.

विश्वासार्हतेबाबत मात्र जुनी सवय मोडावी लागली. पूर्वी नावापुढची निळी खूण पाहून बाई खाते खरे धरत असत. एप्रिल २०२३ मध्ये जुन्या पडताळणीच्या खुणा काढून टाकल्या गेल्या, आणि आता निळी खूण पैसे भरून मिळते. सरकारी खात्यांना करडी खूण असते, पण ती सगळ्याच जिल्हापातळीवरील कार्यालयांकडे आढळत नाही. त्यामुळे प्रत्येक सरकारी खाते त्या कार्यालयाच्या संकेतस्थळावरून किंवा माहिती कार्यालयाला विचारून ताडले, मगच यादीत घेतले. या खटाटोपात एक वेगळीच गोष्ट उघड झाली. काही अधिकाऱ्यांची वैयक्तिक खाती जुन्या यादीत होती. अधिकारी बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेले तसे त्यांचे खातेही त्यांच्याबरोबर गेले, आणि कोल्हापूरच्या यादीत मराठवाड्यातल्या टँकरची माहिती येत राहिली. नव्या नियमानुसार यादीत पदाचे खाते राहते, व्यक्तीचे राहत नाही. आणि बदल्यांचे आदेश निघाले की याद्या एकदा चाळायच्या, असे ठरले.

जुलै २०२४

जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात घाटमाथ्यावर संततधार लागली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडू लागले आणि पंचगंगेने धोका पातळी ओलांडली. याद्यांची परीक्षा झाली ती त्या आठवड्यात.

राधानगरीला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) विसर्ग होतो. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की बंद होतात, त्यामुळे ‘किती दरवाजे उघडे आहेत’ याचे उत्तर दिवसभर बदलत असते. त्या दिवसांत एका रात्री व्हॉट्सॲपवर ‘पाच दरवाजे उघडले’ असा संदेश फिरू लागला आणि डेस्कने तो मथळ्यात घेतला. बाईंनी धरणांची यादी उघडली. तिथे मूळ पोस्ट होती, आणि तिच्यात ‘दरवाजा क्रमांक ५ उघडला’ एवढेच लिहिले होते. एका दरवाजाचे पाच दरवाजे झाले होते, म्हणजे १,४२८ क्युसेकचे ७,१४० क्युसेक. मूळ पोस्टवरची वेळ पाहून, पाटबंधारे विभागाच्या कर्मचाऱ्याला फोन करून, पान छपाईला सुटण्यापूर्वी मथळा बदलला गेला. मुख्य पानावर ही मूळ पोस्ट शोधून सापडली असती का? कदाचित सापडली असती. पण पान सुटेपर्यंत सापडली असती असे मला वाटत नाही.

चौथ्या यादीचा उपयोग वेगळ्या रीतीने झाला. शहरात पातळी थोडी उतरू लागली तेव्हा, आता पूर ओसरला, असा सूर सर्वत्र लागला होता. कृष्णेच्या यादीतले आकडे पाहून शिरोळ तालुक्यात पाणी अजून थांबून राहणार हे बाईंना दिसत होते, आणि त्यांनी शहरातून निघून थेट तिकडचा दौरा आखला. आलमट्टीच्या पोस्ट कन्नड आणि इंग्रजीत असतात. आवक, जावक आणि साठा हे तीन कन्नड शब्द ओळखता आले की काम भागते, आणि ते त्यांनी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले होते.

रस्त्यांची यादी मात्र फसली, असे स्पष्ट म्हणावे लागेल. रस्ता बंद झाल्याची पोस्ट सरकारी खात्यावर येते तोवर त्या रस्त्यावर अडकलेल्या माणसाने ती बातमी आपल्या गावच्या गटावर टाकलेली असते. रस्त्याची माहिती कोणा ठरावीक खात्याकडे नसतेच. ती त्या क्षणी त्या पुलावर जो असेल त्याच्याकडे असते, आणि तो कोण असेल हे आधी ठरवून यादीत घालता येत नाही. त्यामुळे वितरण विभागाने शेवटी पूर्वीप्रमाणेच भागातल्या वार्ताहरांना आणि एसटी आगारांना फोन केले. पिन केलेल्या पाच जागांपैकी एक जागा या यादीने उगाच अडवली होती, असे माझे मत झाले. बाईंना ते पटले नाही, कारण रस्ता पुन्हा सुरू झाल्याची खात्रीची बातमी त्यांना तिथेच मिळाली होती. बंद होण्याची घाई सगळ्यांना असते, सुरू झाल्याचे कोणी सांगत नाही, हा त्यांचा मुद्दा मला नाकारता आला नाही.

आणखी एक मर्यादा पहिल्याच रात्री लक्षात आली. परिस्थिती जितकी बिघडते तितकी यादी शांत होते. वीज जाते, टॉवर बंद पडतात, आपत्ती व्यवस्थापन कक्षातला माणूस पोस्ट लिहिण्याऐवजी बोट पाठवण्याच्या मागे असतो. यादीत तासभर काही आले नाही याचा अर्थ काही घडले नाही असा घेणे धोक्याचे आहे. म्हणून प्रत्येक यादीच्या नावाखाली, ती गप्प झाली तर कोणाला फोन करायचा, हे वहीत लिहिण्यात आले. एक्सवर यादीच्या वर्णनासाठी शंभर अक्षरांची जागा मिळते, पण सार्वजनिक यादीत कुणाचा फोन क्रमांक लिहिणे शक्य नव्हते.

इतर माध्यमे आणि डेस्कची अडचण

हीच मांडणी फेसबुकवर करता येईल का, असे सांगलीच्या एका सहकाऱ्याने विचारले. फेसबुकने मित्रयादीनुसार वेगळे पान पाहण्याची सोय २०१८ मध्ये बंद केली. इन्स्टाग्रामवर आवडत्या खात्यांची एकच यादी करता येते आणि तिच्यात पन्नास खाती बसतात. यूट्यूबवर वाहिन्यांचे गट करण्याची सोय नाही. टेलिग्राममध्ये गटांचे फोल्डर होतात आणि ते बरे चालतात, परंतु जिल्ह्याची सरकारी माहिती तिथे नसते. ज्या माध्यमावर माहिती आधी येते तिथेच याद्या करण्यात अर्थ आहे, आणि कोल्हापुरात ते माध्यम अजूनही व्हॉट्सॲप आहे, ही अडचण आम्हाला सोडवता आली नाही.

संगणकावर पाचही याद्या शेजारीशेजारी स्तंभांत लावण्याची जुनी सोय, म्हणजे ट्वीटडेक, ऑगस्ट २०२३ पासून एक्स प्रो या नावाने केवळ पैसे भरणाऱ्यांसाठी उरली आहे. दैनिकाने ते पैसे भरले नाहीत. डेस्कने त्याऐवजी ब्राउझरच्या दोन खिडक्यांत दोन याद्या उघड्या ठेवण्याची पद्धत लावून घेतली. तिसरी यादी कुणी उघडलीच नाही, आणि खरे सांगायचे तर त्यांना तिसरीची गरजही पडली नाही. याद्या बाईंच्या वैयक्तिक खात्यावर आहेत, त्या नोकरी सोडून गेल्या तर याद्याही जातील, हे व्यवस्थापनाच्या लक्षात आणून दिले आहे. दैनिकाच्या खात्यावर त्या पुन्हा बांधायला एखादी दुपार पुरेल. अजून ती दुपार कुणी काढलेली नाही.

सप्टेंबरअखेर बाईंनी पुराच्या याद्या माथ्यावरून काढल्या, पुसल्या नाहीत. मोकळ्या झालेल्या जागी उसाच्या हंगामाच्या याद्या करायच्या होत्या, आणि या वेळी त्यांनी खात्यांपासून नव्हे, प्रश्नांपासूनच सुरुवात केली : ऊस परिषदेत कोणती मागणी होणार, कोणत्या कारखान्याने पहिली उचल, म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता, किती जाहीर केली, तोडणी वाहतूक वजा जाता शेतकऱ्याच्या हाती किती पडणार आणि कुठे वाहने अडवली जात आहेत. २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,४०० रुपये ही एफआरपी, म्हणजे कारखान्यांनी उसाला द्यायचा किमान दर, केंद्राने आधीच ठरवून दिली होती, त्यामुळे त्यासाठी वेगळ्या यादीची गरज नव्हती. वाहने कुठे अडवली जातात या प्रश्नासाठी मात्र त्यांनी यादी केलीच नाही. त्या रकान्यापुढे वहीत भागातल्या वार्ताहरांची नावे आणि फोन क्रमांक लिहिले.